कोलोसस काय मोजत होता?

श्रोतेहो, लंडनच्या यूस्टन स्थानकावरून निघालेली गाडी तासाभराच्या आत ब्लेचलीला पोचते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश जिथे उलगडले गेले ते ब्लेचली पार्क तिथून चालत गाठता येते, आणि त्याच आवारातल्या ‘एच ब्लॉक’ या इमारतीत नॅशनल म्युझियम ऑफ कंप्युटिंग आहे. दोन्ही संस्था वेगळ्या असल्यामुळे तिकीटही वेगळे काढावे लागते. त्यामुळे काही जण जुना बंगला पाहून, फोटो काढून परस्पर माघारी फिरतात, याची मला हळहळ वाटते.

आधी एक घोटाळा दूर करतो. संकेत उलगडायला मदत करणाऱ्या कोलोसस या यंत्राने एनिग्मा हे जर्मनांचे संकेतयंत्र फोडले, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. एनिग्मासाठी ट्युरिंग आणि वेल्चमन या गणितज्ञांच्या कल्पनांतून उभे राहिलेले ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र होते, ज्याची चालती प्रतिकृती याच संग्रहालयात आहे. कोलोससची गाठ होती ती लॉरेन्झ नावाच्या दुसऱ्या जर्मन यंत्राशी; ते टेलिप्रिंटरला जोडून संदेश सांकेतिक केले जात. त्याला बारा चाके होती आणि जर्मन सेनेच्या वरिष्ठ मुख्यालयांमधले संदेश त्यातून जात. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन कर्मचाऱ्याने सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश, चाकांची मांडणी तीच ठेवून, दुसऱ्यांदा पाठवला आणि पाठवताना काही शब्द आखडते घेतले. ब्लेचलीतले संकेततज्ज्ञ टिल्टमन यांनी त्या दोन प्रती एकमेकींवर ताडून मजकूर सोडवला. पुढे बिल टट या तरुण गणितज्ञाने, यंत्र कधीही डोळ्यांनी न पाहता, केवळ चौकटीच्या कागदावर अक्षरांच्या रांगा मांडून त्याची सगळी अंतर्रचना ताडली. संपूर्ण ब्लेचलीत मला थक्क करणारी गोष्ट कोणती, असे विचाराल तर ती हीच.

मग कोलोससचे काम काय? तर मोजणे. संदेशाची छिद्रे पाडलेली कागदी पट्टी टोके चिकटवून गोलाकार करायची आणि पट्टी फिरवणाऱ्या कप्प्या (पुली) बसवलेल्या उंच चौकटीवर चढवायची. या चौकटीला यंत्र चालवणाऱ्या मुली ‘पलंग’ म्हणत. पट्टी सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या वेगाने फिरते, त्यामुळे छिद्रे दिसतच नाहीत, दिसतो तो केवळ करडा पट्टा. प्रकाश छिद्रांतून पलीकडे जातो आणि यंत्र मोजत राहते. संदेश सुरू होताना पहिली दोन चाके कुठे होती, याच्या ४१ गुणिले ३१, म्हणजे १,२७१ शक्यता असतात; त्यातली एकेक सुरुवात धरून संदेश तिच्याशी किती वेळा जुळतो, ते यंत्र मोजते. सुरुवात चुकीची धरली तर ही जुळणी निम्म्याच्या आसपास येते. बरोबर असली तर ती सुमारे ५५ टक्क्यांपर्यंत चढते. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा उभा होता. आकडा पाहून पुढे काय करायचे ते माणसे ठरवत, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच चाकांचा उलगडा तर दुसऱ्या विभागातले भाषातज्ज्ञ हातानेच करत.

यंत्र उभे करणारे टॉमी फ्लॉवर्स हे टपाल खात्याचे अभियंता. दीडएक हजार व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, एकाच वेळी चालणारच नाहीत, अशी शंका अनेकांना होती. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना ती रास्तही वाटेल. व्हॉल्व्ह बिघडतात ते प्रामुख्याने चालू-बंद करताना, हे फ्लॉवर्स यांना टेलिफोन एक्स्चेंजच्या अनुभवातून ठाऊक होते. म्हणून यंत्र बंदच करायचे नाही, असा त्यांचा साधा तोडगा होता. पहिले यंत्र १९४४च्या आरंभी ब्लेचलीत आले आणि युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे झाली. पुढे बहुतेक मोडून टाकण्यात आली, आराखडे जाळले गेले. आज दिसते ती प्रतिकृती टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही छायाचित्रे व हाती लागलेले तुरळक कागद यांच्या आधारे, १९९३पासून चौदा वर्षे खपून उभी केली.

त्याच इमारतीत हार्वेल या ब्रिटिश अणुसंशोधन केंद्राचा १९५१ सालचा डेकाट्रॉन संगणक आहे आणि ही प्रतिकृती नव्हे, मूळ यंत्रच आहे. त्याच्या प्रत्येक नळीत दहा जागा असून नारिंगी ठिपका एकेक जागा पुढे सरकतो, म्हणजे आकडा चढताना चक्क दिसतो. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागतात. हार्वेलमध्ये एकदा हिशेब करणाऱ्या एका माणसाने हाताने चालवायचे गणनयंत्र घेऊन त्याच्याशी बरोबरी करून पाहिली. सुमारे अर्धा तास तो त्याच्या जोडीने चालला, मग दमून उठला. यंत्र मात्र चालूच होते.