जिन्यातला थांबा

हा जिना बघा. साधाच, तीन मजल्यांचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक माणूस थांबलाय, खिशातून मोबाईल काढलाय आणि स्क्रीनकडे बघतोय. मेसेजबिसेज काही आलेला नाहीये. दम लागलाय त्याला, आणि खालून कुणीतरी येतंय त्याला ते कळू द्यायचं नाहीये. मला हे बरोबर ओळखता येतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच वळणावर मी थांबायचो. वय ३८.

मग एका रात्री ठरवलं, बास झालं, उद्यापासून सुरू. आणि बहुतेक पुरुष जे करतात तेच मी केलं, कॉलेजात असताना जेवढं वजन उचलायचो तेवढंच पहिल्या आठवड्यात उचलायला गेलो, कारण मधली सगळी वर्षं गेली तरी डोक्यातलं शरीर बावीसचंच असतं ना. तिसऱ्या आठवड्यात उजवा खांदा धरला, हात वर करून शर्ट घालता येईना. जिम बंद झाली ती पाच महिने बंद. खांदा तर दीड महिन्यात बरा झालेला. उरलेले साडेतीन महिने फक्त परत जायची लाज वाटत होती, आणि हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

खांदा का गेला ते फिजिओथेरपिस्टने नीट समजावलं. स्नायू तसे लवकर ताकद धरतात, दोन-तीन आठवड्यांतच आपल्याला वाटायला लागतं की अरे जमतंय की, पण तो स्नायू हाडाला बांधून ठेवणारा टेंडन सावकाश तयार होतो, त्याला महिने लागतात. आपण जोशात वजन वाढवतो आणि मागे राहिलेला टेंडन दुखावतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर, असं आजही वाटतं.

आता थोडं मागे जाऊया. लंडन, दुसऱ्या महायुद्धानंतरची वर्षं, दुमजली बस. एकाच बसवर दोन माणसं, ड्रायव्हर आणि कंडक्टर. ड्रायव्हर जवळजवळ सगळी शिफ्ट बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली, रोजच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या हजारो माणसांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झाला तरी उशिराच्या वयात. ड्रायव्हर मुळातच जाड असतील अशी शंका घेणारे होतेच, म्हणून मॉरिस यांनी पुढे युनिफॉर्मच्या पँटींची कमरेची मापंसुद्धा काढून बघितली. पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून यांची तुलना केली, तिथेही तसंच दिसलं.

मला या गोष्टीतलं काय धरून राहिलं सांगू? त्या कंडक्टरांनी व्यायाम करायचा म्हणून काहीच केलेलं नव्हतं. सकाळी उठून मोटिव्हेशन शोधायचं नाही, मूड आहे का बघायचं नाही. जिना कामातच होता. तेव्हापासून मी कुठला वर्कआऊट बेस्ट हे विचारणं सोडलं आणि माझ्या दिवसात जिना कुठे बसतो ते शोधायला लागलो.

हे माझे बूट. दाराशी, लेस मोकळ्या करून ठेवलेले. रात्री झोपायच्या आधी ठेवतो, सकाळी पाय सरकवला की निघालो. वीस-पंचवीस मिनिटं झपझप चालायचं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगते, आणि दोन दिवस ताकदीचा. आधी म्हणायचे की एका वेळी दहा मिनिटं तरी सलग हवीत, ती अट २०२० मध्ये काढून टाकली, आता दोन मिनिटांचा जिनासुद्धा हिशोबात येतो. ताकदीचं मात्र टाळू नका बरं का, कारण तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात. मी भिंतीला हात लावून पुशअप्सपासून सुरू केलं. भिंतीला. मग टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर, यात सात महिने गेले आणि खांद्याने एकदाही तक्रार केली नाही.

आणि खाडा झाला तर? लंडनमध्येच एका संशोधनात ९६ लोकांच्या सवयी बघितल्या होत्या, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. हे वाचून मला खरंच हलकं वाटलं, कारण माझं सगळं नेहमी त्या एका खाड्यावरच मोडायचं. आता सगळ्यात वाईट आठवड्यासाठी माझा वेगळा नियम आहे, ऑफिसातून कितीही उशीर होऊ दे, भिंतीवरचे दहा पुशअप्स, झोप.

एक गोष्ट व्यायामाने दिसत नाही, ती म्हणजे ब्लड प्रेशर. वाढलेलं असलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, दुखत नाही, खुपत नाही, पट्टा दंडाला बांधून मोजल्याशिवाय कळत नाही. जगभरात पुरुष बायकांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं कमी जगतात, कारणं बरीच आहेत, पण डॉक्टरकडे उशिरा जाणं हे त्यातलं एक आहेच.

तो जिन्यातला माणूस माझा मित्र आहे. त्या दिवशी खालून येणारा मीच होतो. मी पुढे गेलो नाही, त्याच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिलो, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत. मग विचारलं, "शेवटचं बीपी कधी मोजलंस रे?"

त्याने मोबाईल खिशात ठेवला. बराच वेळ आठवत राहिला.

"शनिवारी येशील का सोबत?" म्हणाला.