पंचविसाचा पाढा

नमस्कार श्रोतेहो. सोलापूरच्या पूर्व भागात मी बरीच वर्षं शिकवते आहे. चौथीत माझ्याकडे एक मुलगी होती. सातचा पाढा अडखळत म्हणायची, पण पंचविसाचा? पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर... न थांबता थेट हजारापर्यंत. मी खूश! पुढं एकदा तिच्या घरी गेले, तेव्हा उलगडा झाला. एका जुडीत पंचवीस विड्या. चाळीस जुड्या झाल्या की हजार.

आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. ही शेजारी बसून वळलेल्या विडीचं तोंड दुमडत होती. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली. दप्तर खुंटीला. आई म्हणाली, "शाळा बुडवत नाही हो ती. पण मजुरी हजारावर मिळते, बाई. पोरीनं हात लावला नाही तर अकरा वाजतात."

त्या माउलीला मी काय बोलणार?

कुणी म्हणेल, घरकामाला हातभार लावला तर बिघडलं कुठं? आम्हीही लावलाच की. नळ आला की घागरी मी भरायची. आपल्या गावच्या नळाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको! पण घागरी भरल्या की मी मोकळी. इथं आजचे हजार झाले तरी उद्याचे हजार उभेच. संध्याकाळी पाच ते सात, गल्लीत लंगडी-लपाछपीचा दंगा चालतो ती वेळ, रोज सुपात जाते.

कायदा आहे. 1986 मध्येच विडी वळणं मुलांसाठी धोकादायक कामांच्या यादीत आलं. 2016 च्या दुरुस्तीनं शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदतीची मुभा ठेवली, पण धोकादायक काम त्यातून वगळलं. पण विडी कारखान्यात नाही, घरात वळली जाते. तिथं तपासायला कोण जाणार? सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, मोठीच गोष्ट. पण हजाराचा दर परवडेल असा झाल्याशिवाय त्या घरांतल्या पोरींचे हात सुटायचे नाहीत, असं माझं मत.

परवा मधल्या सुट्टीत ती लंगडी खेळत होती. राज्य तिच्यावर. एक पाय उचललेला, वेणी सुटलेली, दोघी बाद आणि तिसरी हाताच्या टप्प्यात. शिपाईमामा घंटेकडं निघाले. म्हटलं, "मामा, जरा दमानं."