मुठा अजून तरुण आहे

(दृश्य : टेमघरच्या वरचे डोंगर, आषाढातला पाऊस)

भूगोलाच्या पुस्तकात नदीच्याही तीन अवस्था असतात. डोंगर चिरत धावते ती युवावस्था, मैदानात वळणं घेत पसरते ती प्रौढावस्था, गाळ टाकत समुद्राकडे सरकते ती वृद्धावस्था.

मुठेचं बालपण सह्याद्रीत जातं. तिथे तिला धड काठही नाही. भातखाचरांच्या बांधांवरून ओहळ उड्या घेत येतात आणि सोबत दगडगोटे गडगडत नेतात. टेमघरला पहिलं धरण. पुढे आंबी आणि मोसे येऊन मिळतात आणि खडकवासल्याला तिघींचं पाणी अडतं. इथून ती कमावती होते. पुण्याच्या नळांना पाणी, कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना पाणी. पावसाळा सोडला तर तिच्या स्वतःच्या पात्रासाठी फारसं काही उरत नाही.

(दृश्य : भिडे पूल, उन्हाळा)

मग पात्रात वाहतंय ते काय? बरंचसं आपलंच सांडपाणी. पुलाखाली डोकावून बघा. जलपर्णीत अडकलेल्या पिशव्या, नाल्याच्या तोंडाशी राखाडी फेस. लोक म्हणतात, नदी म्हातारी झाली. मला हे मान्य नाही. नदीच्या वाटेने समुद्र इथून हजार किलोमीटरहून लांब आहे. पुण्यातली मुठा अजून पोरसवदा आहे. तिला हे अकाली म्हातारपण आपण आणलं.

१२ जुलै १९६१. पुण्यातला पूर. पेठांमधली जुनी माणसं अजून ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतनंतर’ असा काळ मोजतात. तेव्हा नदी कोपली, असं म्हणतात. ती कोपली नव्हती. आंबीवरचं पानशेतचं, काम पुरं न झालेलं मातीचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं. चूक माणसांची, आळ मात्र नदीवर.

(दृश्य : संगम पूल)

संगमावर मुळा भेटते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते आणि रायचूरजवळ कृष्णेत जाते. उजनीचं पाणी सोलापूर पितं. पंढरपूरला वारकरी त्याच प्रवाहात स्नान करतात. म्हणून नाल्यांचं सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडायचं नाही आणि धरणातून बारा महिने थोडं तरी पाणी पात्रात वाहू द्यायचं, ही मागणी एकट्या पुण्याची राहत नाही. ती पुण्याने आधी करायला हवी, कारण नळ आपल्या घरात आहे.