उरलेल्या चतकोराचा हिशेब

मंडळी, भाकरी एक आहे आणि खाणारे तिघं. अट अशी, की कुठल्याही तुकड्याचे चारच सारखे भाग करायचे. मग काय कराल? चार चतकोर करून तिघांना एकेक द्याल. उरलेल्या चतकोराचे पुन्हा चार, त्यातले तीन वाटायचे, एक ठेवायचा. हे वाटप कधीच संपणार नाही. पण ताटात काय जमतंय ते बघा: १/४, मग १/१६, मग १/६४... तिघांना अगदी सारखंच मिळतंय, आणि शिल्लक तुकडा तुम्ही म्हणाल त्याहून लहान करता येतो. तेव्हा या बेरजेचं उत्तर १/३.

केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरच्या भाष्यात हीच बेरीज घेतली आहे. (भाकरी माझी!) ते विचारतात, ती तेवढीच वाढते, आणि तिथवर वाढतेच, हे कशावरून? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते दोन्ही त्यांना पडले याचं मला फार कौतुक वाटतं. उत्तर शिल्लकेतच आहे. १/३ मधून १/४ काढला की उरतो १/१२, म्हणजे १/३ चाच चतकोर. पुढेही प्रत्येक पायरीला शिल्लक आधीच्या शिल्लकेचा चतकोरच राहते.

नुसती पदं लहान होताहेत म्हणून निर्धास्त राहू नका. १ + १/२ + १/३ + १/४... ही बेरीज कुठेच थांबत नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ मिळूनही तसंच. फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी हे चौदाव्या शतकात दाखवलं.

त्याच शतकात केरळात संगमग्रामचे माधव होते. त्यांचे या विषयावरचे ग्रंथ हाती नाहीत. जे कळतं ते शिष्यपरंपरेतून, विशेषतः ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथातून. परिघाला व्यासाने भागून येणारा ‘पाय’ माधवांनी असा मांडला:

४ × (१ − १/३ + १/५ − १/७ + ...)

युरोपात ग्रेगरी आणि लायब्निट्स या श्रेणीपाशी १६७० नंतर पोचले. श्रेणी देखणी आहे, पण भलतीच संथ. दहा पदं घेतली तर येतात ३.०४१८, शाळेतले २२/७ सुद्धा याहून कितीतरी बरे.

माधवांच्या परंपरेची खरी करामत मला इथे दिसते. त्यांनी पुढची पदं मोजत बसण्याऐवजी न घेतलेल्या पदांचा अंदाज बांधला. युक्ती अशी: एक पद आधी थांबा किंवा नंतर, दुरुस्त केलेलं उत्तर एकच यायला हवं. म्हणून लागोपाठच्या दोन दुरुस्त्यांची बेरीज मधल्या पदाइतकी भरली पाहिजे. अगदी तंतोतंत भरेल असा सोपा अपूर्णांक सापडत नाही, पण फरक कमी कमी करत नेता येतो. त्या ग्रंथांत एकापेक्षा एक बारीक अशा तीन दुरुस्त्या आहेत.

आपल्या दहा पदांना त्या लावून बघू. पहिली दुरुस्ती १/१०. ती मिळवली की ३.१४१८४, इथेच २२/७ मागे पडले. त्याऐवजी दुसरी, ४०/४०१, घेतली की ३.१४१५९०२. आणि तिसरी, २०२/२०२५, घेतली की ३.१४१५९२७. खरी किंमत ३.१४१५९२६५..., म्हणजे सात दशांश स्थळांपर्यंत आपण बरोबर आलो.

घरी गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन हे जरूर करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. दुरुस्तीशिवाय इतकं जवळ जायचं तर जवळजवळ दोन कोटी पदं मिळवावी लागतील.