‘गाढवा, इथे मुतू नकोस’ लॅटिनमध्ये कसं लिहायचं?

नमस्कार मंडळी! ‘ताई, एवढी शिवी लॅटिनमध्ये करून द्या, टी-शर्टवर छापायचीय’ अशा कमेंट इतक्या येतात, की आज कॅमेऱ्यासमोर बसलेच. उच्चार सोपा, ‘सी’चा नेहमी क. क्रियापद बहुधा शेवटी. झालं.

आता खरं दुखणं. इथे इंदूरला राजवाड्यामागे मामांचं घर आहे. मागच्या भिंतीशी लोक उभे राहतात. मामेभावाने मोबाइलवर भाषांतर करून पितळी पाटीच कोरून आणली: ‘आसिनुस नोन मेइयेरे हिक’. अक्षरं सुरेख, पण अर्थ काय? ‘गाढव नाही मुतणे इथे.’ मला इतकं वाईट वाटलं!

अरे, हाक मारताना आपण ‘गाढवा!’ म्हणतो ना? संबोधन, शाळेत घोकलेलं. लॅटिनमध्ये तेच आहे. आसिनुस म्हणजे गाढव, आसिने म्हणजे गाढवा, आसिनी म्हणजे गाढवांनो. इंग्रजीत डाँकीचं डाँकीच राहतं, म्हणून इंग्रजीवरून जाऊ नका. मराठीतून थेट जा!

‘नको’चंही तसंच. ‘मला चहा नको’ मधला नको आपण ‘मुतू नको’ला लावतो. रोमन लोकही ‘नको असणे’ याच क्रियापदावरून मनाई करायचे. एकाला नोली, म्हणजे नकोस. अनेकांना नोलिते, म्हणजे नका. म्हणून ‘आसिने, नोली हिक मेइयेरे’. टोळकं असेल तर ‘आसिनी, नोलिते हिक मेइयेरे’.

एक भिया लिहितात, ‘एवढ्या थोर भाषेत असलं घाण शोभतं का?’ भिया, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवर लिहिलंय, ‘काकातोर, कावे मालुम’. हगणाऱ्या, सांभाळ, वाईट होईल! त्याच शतकातला कवी पर्सियुस सांगतो, दोन साप रंगवा आणि लिहा, ‘पुएरी, साकेर एस्त लोकुस, एक्स्त्रा मेइयिते’. पोरांनो, जागा पवित्र आहे, बाहेर मुता. आपण भिंतीवर देवांच्या टाइल्स लावतो, अगदी तेच! आणि बघा, तिकडे एकटा हगणारा, म्हणून ‘कावे’. इकडे पोरं पुष्कळ, म्हणून ‘मेइयिते’. तेच मी मघापासून सांगतेय.

मामांची पाटी परत कोरायला दिलीय, ‘आसिनी’ने सुरू होणारी, कारण त्या भिंतीशी एकटं कुणी येत नाही. तुम्हीही वाक्य पाठवताना एवढं लिहाच: एकाला सुनवायचंय, की सगळ्यांना?