'चा', 'ची', 'चे' आणि एक लाल दगड

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय फारच भारदस्त छापलाय: 'ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल तत्त्वज्ञान आणि भूमीशी नात्याची नीती'. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की मुलीकडे ब्रिस्बेनला जाणं-येणं असतं, तिथे या विषयावर थोडं वाचलंय, त्याबद्दल बोलेन. ४५ मिनिटं दिली आहेत आणि मला सांगायचंय ते एकच. जमीन ही मालमत्ता असण्याआधी नातेवाईक असते, असं धरून कायदा, नीती, लग्नसंबंध सगळंच बांधणारी माणसं जगात आहेत, आणि ती भाबडी नाहीत. त्यांचं तर्कशास्त्र कडक आहे. त्यातल्या दोन सूत्रांकडे मी शेवटी येणार आहे. येईनच.

आधी एक खुलासा. इंग्रज १७८८ मध्ये वसाहत करायला उतरले तेव्हा त्या खंडावरच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या, अडीचशेच्या वर भाषा होत्या. या सगळ्यांचं मिळून एक तत्त्वज्ञान म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी एकच आमटी. तरी धाडस करतो. आणि 'आदिवासी' हा शब्द मी मुद्दाम टाळतोय. तो उच्चारला की आपल्याला भिंतीवरची वारली चित्रं आठवतात आणि आपण ऐकायचे थांबतो.

तर, २०१६ साली आम्ही दोघं उलुरूला गेलो. फोटो पाहिला असेल सगळ्यांनी. सपाट वाळवंटात एकटाच उभा तांबडा खडक, ३४८ मीटर उंच. आपल्या जुन्या भूगोलात तो 'एअर्स रॉक' होता. तेव्हा त्यावर चढायला बंदी नव्हती, धरायला साखळीसुद्धा लावलेली होती. मी सिंहगड इतक्या वेळा चढलोय की वरचे पिठलं-भाकरीवाले मला उधारी देतात. बुटांच्या नाड्या आवळून मी तयार. आणि ही पाटीसमोर थांबलेली. पाटीवर तिथल्या अनंगू लोकांनी नम्रपणे लिहिलं होतं की कृपया चढू नका. मी म्हटलं, अगं, विनंती आहे, बंदी नाही. ही म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी गेल्यावर ते म्हणाले, माळ्यावर जाऊ नका, तर आपण शिडी शोधतो का?" नाड्या सैल केल्या.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की कारणं दोन आहेत. एक, ती चढण म्हणजे माला नावाचे त्यांचे पूर्वज प्रथम तिथे आले तेव्हाची वाट आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या चढणीवर आजवर ३७ माणसं दगावली. अनंगूंचं म्हणणं असं की आमच्या भूमीवर पाहुण्याचं बरं-वाईट झालं की त्याचा भार आमच्यावर येतो. आपल्या भाषेत, सुतक यजमानाला. म्हणजे 'आमच्या देवावर पाय ठेवू नका' एवढंच ते सांगत नाहीत, 'तुम्हाला काही झालं तर जबाब आम्हाला द्यावा लागतो' हेही सांगतात. कोणाला? त्या भूमीला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. चढणाऱ्यांना ते 'मिंगा' म्हणत, म्हणजे मुंग्या. खालून पाहिलं तर दुसरं काय म्हणणार!

एवढी विवेकी बाई. घरी परतल्यावर तीन महिन्यांनी मी देव्हाऱ्यात पाहतो, तर शाळिग्रामाशेजारी एक लाल खडा. वर अष्टगंध लावलेलं. (हशा) हसू नका, तुमच्याही घरी काही तरी असेल. पाणवठ्याच्या वाटेवर उचलला म्हणाली. चढायचं नाही हे तिला पाटीने सांगितलं होतं, उचलायचं नाही हे मीच सांगायला हवं होतं. कारण त्या उद्यानातून दगड नेणं हा गुन्हा आहे. शिवाय तिथे जगभरातून पार्सलं येत असतात. आत दगड आणि सोबत माफीची चिठ्ठी. त्यांना 'सॉरी रॉक्स' असं नावच पडलंय. बरेच जण लिहितात की दगड नेल्यापासून घरात काही धड होत नाही. हिला तसली भीती नव्हती. हिचा मुद्दा सरळ होता. "मी काय पेपरवेट केलाय का त्याचा? रोज पूजा करतेय. त्यांच्या देवाला आपल्याकडे मान मिळतोय."

मित्रहो, मी ३१ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण या युक्तिवादाला उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा. बाणलिंग नर्मदेचं. दोघंही आमच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असली तरी, सुखाने नांदतात. आपले देव प्रवासी आहेत. गणपती तर दरवर्षी येऊन-जाऊन असतो. मग उलुरूच्या खड्याने काय घोडं मारलंय? शेवटी एकदा एकादशीला मी म्हटलं, "आपल्याकडे स्वयंभू देवही असतो. तो तिथे उगवतो आणि तिथेच राहतो. त्याचा तुकडा काढून आणलास तर तुझ्या हातात काय येईल?" ही थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "दगड." हे उत्तर मला कुठल्याही परीक्षेत मिळालं नव्हतं.

अनंगूंचा यासाठी शब्द आहे, चुकुर्पा. नाव ऐकून 'चुकलं तर काय' याचा कायदा वाटतो, आणि अर्थही फार लांब नाही! इंग्रजीत त्याला 'ड्रीमिंग' म्हणत आले, त्यामुळे लोकांना वाटतं की स्वप्नातल्या गोष्टी असतील. चुकुर्पा म्हणजे कथा, कायदा, पूर्वजांचा काळ आणि आज कसं वागायचं, सगळं एकत्र. आणि ते पोथीत नाही, जागेवर आहे. त्या पाणवठ्यापाशी, मुटिजुलू त्याचं नाव, कुनिया ही अजगरी आणि लिरू हा विषारी साप यांची लढाई झाली. आपल्या माणसाच्या वधाचा सूड म्हणून तिने मारलेल्या घावांच्या खुणा समोरच्या कातळावर दाखवतात. आता तिथला दगड उचलणं म्हणजे काय? ज्ञानेश्वरीतून एक ओवी कापून फ्रेम करून लावण्यासारखं. फ्रेम सुंदर. पोथीत भोक.

...बरं. चिठ्ठी आलीये. 'दहा मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर चांगलं आहे.

मग पळतो. मेरी ग्रॅहम या कोम्बुमेरी समाजाच्या तत्त्वज्ञ. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला गोल्ड कोस्ट आहे, तिकडच्या. त्यांनी दोन सूत्रं मांडली. पहिलं, भूमी हाच कायदा. दुसरं, जगात तुम्ही एकटे नाही आहात. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त खोलीत एकटा बसून 'मी विचार करतो म्हणून मी आहे' इथून सुरुवात करतो आणि मग बाहेरचं जग सिद्ध करत बसतो. इथे सुरुवातच नात्यापासून आहे. माणसाचं भूमीशी जसं नातं, त्या साच्यात माणसामाणसांतली नाती ओतायची. भूमी आधीपासून आहे आणि तिला तुमच्याकडून काही सिद्ध करून नकोय, त्यामुळे कोण वरचढ हा प्रश्नच मागे पडतो. यावर खरं तर अर्धा तास हवा होता.

हे नातं चालतं कसं, त्याचं एक उदाहरण. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी लोकांत एखाद्या भूभागाशी वडिलांकडून नातं असलेले ते किर्दा. आपल्या कीर्द-खतावणीशी संबंध नाही. आईकडून नातं असलेले ते कुर्दुंगुर्लू. विधी किर्दा करतात, पण तो नीट होतोय की नाही हे पाहण्याचा अधिकार कुर्दुंगुर्लूंचा, आणि त्यांच्याशिवाय विधी होत नाही. म्हणजे मामाच्या गावच्या जमिनीत भाच्याचा हिस्सा नाही, पण मामा तिची हेळसांड करत असेल तर कान धरायला भाचा हजर! आपण मामाच्या गावाला आंबे खायला जातो. तिथे भाचा लेखापरीक्षक असतो. प्रत्येक माणूस एका जागेचा कर्ता आणि दुसऱ्या जागेचा राखणदार. मालकीवर एवढा सुबक अंकुश आमच्या कुठल्या सहकारी कायद्यात मला दिसला नाही.

आता न्यायालय. योंगू लोकांच्या भूमीवर, उत्तरेला गोव्ह द्वीपकल्पात, सरकारने बॉक्साइटच्या खाणीला परवानगी दिली. योंगू कोर्टात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी निकाल दिला. त्यांनी मान्य केलं की या लोकांकडे पक्की कायदाव्यवस्था आहे. पण पुरावा पाहता भूमी कुळाची आहे म्हणण्यापेक्षा कुळ भूमीचं आहे म्हणणं सोपं जातं, असं त्यांनी लिहिलं. आणि म्हणून ही मालमत्ता नव्हे. दावा फेटाळला! इतकं बरोबर समजून इतका चुकीचा निकाल मी दुसरा वाचलेला नाही.

अहो, ते वाक्य कोणाही मराठी माणसाला कळलं असतं. आपण 'मी साताऱ्याचा' म्हणतो. 'सातारा माझा' असं फक्त निवडणुकीत म्हणतात. षष्ठीचा प्रत्यय माणसाला लागतो, गावाचा म्हणून. आणि 'कर' आडनावं? माझ्याच आडनावात एक गाव आहे. त्या गावी मी आयुष्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा सातबाऱ्यासाठी. आजोबांच्या नावापुढे 'मयत' लागायला ४० वर्षं गेली, कागदावर ते १२६ वर्षं जगले. गाव माझ्या नावात आहे आणि माझ्यावर त्याची जबाबदारी काय, विचाराल तर, शून्य. प्रत्यय उरला, नातं गेलं. माझी तक्रार तलाठ्याबद्दल नाहीच मुळी. म्हणजे आहे, पण ती वेगळी.

हो हो, दोनच मिनिटं.

पुढे नॉर्दर्न टेरिटरीसाठी १९७६ चा भूमिहक्क कायदा आला. त्यात पारंपरिक मालक कोण, तर ज्या गटावर त्या जागेची मुख्य आध्यात्मिक जबाबदारी आहे तो. मालकाची व्याख्या जबाबदारीने! १९९२ मध्ये, आपल्या बेटावरच्या जमिनीसाठी लढलेले एडी माबो यांच्या खटल्यात 'ही कोणाचीच जमीन नव्हती' हे गृहीतक सर्वोच्च पातळीवर मोडलं. निकाल जूनमध्ये लागला, माबो जानेवारीतच गेले होते. उलुरू १९८५ मध्ये २६ ऑक्टोबरला अनंगूंना परत मिळालं आणि त्याच दिवशी त्यांनी ते ९९ वर्षांच्या कराराने उद्यानाला भाड्याने दिलं. २०१९ मध्ये त्याच तारखेला चढाई कायमची बंद झाली. सगळं छान झालं असं समजू नका. २०२० च्या मे महिन्यात रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात जूकन घळीतली, ४६,००० वर्षांपासून माणसाच्या वावराच्या खुणा असलेली गुहा सुरुंगाने उडवली. रीतसर परवानगी घेऊन.

दगडाचं काय झालं, असं मागून कोणी तरी विचारतंय. अजून देव्हाऱ्यातच आहे. अष्टगंध मात्र थांबलंय. डिसेंबरात मुलगी येणार आहे, ती नेऊन तिकडून पोस्टाने पाठवेल. अडचण अशी की परत आलेला दगड नेमका कुठला, हे तिथल्या लोकांना कसं कळणार? म्हणून हिने सोबत चिठ्ठी लिहायला घेतली. 'वाटेच्या डाव्या हाताला' असं लिहिलं आणि आमचं भांडण झालं, जाताना डावा की येताना डावा. शेवटी ही म्हणाली, खरेदीखतात लिहितात तशी चतुःसीमा लिहा. तशी लिहिली. पूर्वेस लाकडी बाक. दक्षिणेस पायवाट. पश्चिमेस दोन झाडं, नावं माहीत नाहीत. उत्तरेस उलुरू.