पाचवा डाउन

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'कॉलेज फुटबॉल : नियम, खेळाडू आणि परंपरा'. तिघांना सारखा वेळ मिळेल अशी आयोजकांची समजूत दिसते. ज्या अमेरिकी खेळातली शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात, त्यावर बोलायला माणूस बोलावलाय, एवढं फक्त लक्षात ठेवा. मुद्दा एकच मांडायचा आहे : बरोबरी झाल्यावरचा ओव्हरटाइम पंचवीस यार्डांच्या रेषेवरून नको, चाळीसवरून सुरू करा. तिथे पोचतोच आपण.

आधी मोजणी. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा, हे इथे कुणाला सांगायला नको. निम्म्या लोकांची मुलं याच विद्यापीठांत आहेत आणि फीबरोबर जर्सीचेही पैसे आपणच भरलेत. पण ते दहा यार्ड मोजतात कसे, ते बघा. मैदानाच्या कडेला दोन काठ्या, त्यांच्यामध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. तिसऱ्या माणसाच्या हातात बॉक्स, म्हणजे डाउनचा आकडा दाखवणारी पाटी. साखळी जिथे पाच यार्डांची एखादी रेषा ओलांडते, तिथे तिला एक चिमटा लावतात. मोजायला साखळी मैदानाच्या मध्यात नेली, की चिमटा त्याच रेषेवर धरायचा. मग मागची काठी आपोआप जागेवर येते. चिमटा लावायला विसरलं तर साखळी अंदाजाने धरावी लागते आणि मापाला काही अर्थ उरत नाही. गंमत अशी, की बॉल कुठे टेकला हे पंच धावत येऊन नुसत्या डोळ्यांनी ठरवतो आणि त्यानंतर इंचाइंचाचा हिशोब लोखंडी साखळीने होतो. मापात पाप नाही, पाप त्याच्या आधीच झालेलं असतं. एनएफएल या व्यावसायिक लीगने २०२५ पासून हे मोजमाप कॅमेऱ्यांवर सोपवलं. कॉलेजात अजून साखळीच धावत येते. येऊ दे. सत्तर हजार माणसं श्वास रोखून एका साखळीकडे बघतात, हे दुसरीकडे कुठे मिळणार?

आता डाउनची मोजणी. पंचाच्या मनगटाला रबरबँड असतो आणि त्याचा फासा एका बोटात. पहिला डाउन तर्जनी, दुसरा मधलं बोट, तिसरा अनामिका, चौथा करंगळी. इतकी साधी यंत्रणा फसते कधी? खेळ थांबतो तेव्हा. टाइमआउट झाला, पेनल्टीमुळे डाउन पुन्हा खेळायचा ठरला, खेळाडूंचा ढीग उपसायला वेळ लागला; फासा आधी सरकवला की राहिला, हे आठवत नाही. म्हणून मुरलेले पंच फासा सरकवण्याआधी बॉक्सकडे बघतात. आणि बॉक्सच चुकला असेल तर?

६ ऑक्टोबर १९९०. मिसुरी राज्यातलं कोलंबिया. यजमान मिसुरी ३१, पाहुणे कोलोराडो २७, शेवटची काही सेकंदं, बॉल मिसुरीच्या तीन यार्डांवर, पहिला डाउन. कोलोराडोचा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळी चालवणारा, चार्ल्स जॉन्सन. त्याने घड्याळ थांबवायला बॉल जमिनीवर आपटला, म्हणजे स्पाइक. एक डाउन गेला. दुसऱ्यावर त्याचा साथीदार एरिक बिएनेमी बॉल घेऊन घुसला, अडवला गेला. कोलोराडोने टाइमआउट घेतला. आणि त्या टाइमआउटमध्ये बॉक्सवरचा दोनाचा तीन करायचा राहून गेला.

पुढचं सगळं त्या एका पाटीवर चाललं. बिएनेमी पुन्हा घुसला, पुन्हा अडला. हा खरा तिसरा, पाटीवर दुसरा. घड्याळ पळतंय, म्हणून जॉन्सनने पुन्हा स्पाइक केला. हा खरा चौथा. इथे बॉल मिसुरीला मिळून सामना संपायला हवा होता. पण पाटीवर अजून एक डाउन शिल्लक. त्या पाचव्यावर जॉन्सन स्वतः बॉल घेऊन घुसला आणि पंचांनी टचडाउन, म्हणजे सहा गुण, दिला. तो रेषेपर्यंत पोचला का, याचा वाद मिसुरीत आजही निघतो. कोलोराडो ३३, मिसुरी ३१.

निकाल फिरला नाही. पंचांनी सामना संपला म्हटलं की धावफलक अंतिम, असं नियमपुस्तक सांगतं. पंचांना निलंबित केलं गेलं. कोलोराडोने त्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद जॉर्जिया टेकबरोबर वाटून घेतलं. एका न फिरवलेल्या पाटीवर अर्धं विजेतेपद!

यावर लोक लगेच कॉर्नेल विद्यापीठाचा दाखला देतात. १९४० साली डार्टमथविरुद्ध तसंच झालं, पेनल्टीच्या गोंधळात डाउनची मोजणी चुकली. कॉर्नेल पाचव्या डाउनवर ७-३ जिंकलं. नंतर फिल्म पाहिली, पंचाने चूक कबूल केली, कॉर्नेलने तार करून विजय सोडला आणि ३-० असा डार्टमथचा विजय नोंदला गेला. मग कोलोराडोने तार का केली नाही?

इथे माझं मत बहुतेकांना पटत नाही, तरी सांगतो. तो दुसरा स्पाइक आठवा. चौथा डाउन आहे हे कळलं असतं, तर कोणता क्वार्टरबॅक बॉल मुद्दाम जमिनीवर आपटेल? पाटीने कोलोराडोलाही फसवलं होतं. पाटी खरी असती तर त्यांनी चौथ्यावर खरा प्रयत्न केला असता. तो यशस्वी झाला असता की नाही, कोण सांगणार? चूक पंचांची आणि सद्गुणाची परीक्षा मात्र वीस वर्षांच्या पोरांची, हे मला पटत नाही. क्रिकेटचा नियम इथे जास्त शहाणा वाटतो. पंचाने पाच किंवा सात चेंडूंचं षटक मोजलं, तर त्याने मोजलं तेच षटक. तारबीर काही नाही. २००४ मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने रिप्ले, म्हणजे चित्रण बघून निर्णय तपासणं, आणला, पुढे तो सगळीकडे गेला, आणि आता डाउनचा आकडाही रिप्लेत सुधारता येतो. म्हणजे…

चिठ्ठी आली. सहा मिनिटं. बटाटेवडे तळायला घेतलेत असंही खाली लिहिलंय, ही सरळ धमकी आहे.

तर ओव्हरटाइम. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येक संघाला बॉल समोरच्या संघाच्या पंचवीसवर मिळतो. एक यार्डही पुढे न जाता फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून तीन गुणांची किक, मारला तरी अंतर पडतं बेचाळीस यार्ड : पंचवीस, एंड झोनचे, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्याचे, दहा, आणि बॉल मागे धरतात ते सात. आजच्या किकरला हे रोजचंच. २०१८ मध्ये टेक्सास ए अँड एमने लुइझियाना स्टेटला सात ओव्हरटाइमनंतर ७४-७२ हरवलं, तेव्हा खेळाडूंची दमछाक बघून नियम बदलत गेले. २०२१ पासून तिसऱ्या फेरीपासून पुढे नुसती तीन यार्डांवरून दोन गुणांची एकेक संधी. त्याच वर्षी इलिनॉय आणि पेन स्टेट नऊ ओव्हरटाइम खेळले. तिसरीपासून सातवीपर्यंत पाच फेऱ्या, दहा प्रयत्न, दहाही फसले. निकाल इलिनॉय २०, पेन स्टेट १८. याला फुटबॉल म्हणायचं की टॉस? बॉल चाळीसवर ठेवा. मग जागेवरून किक सत्तावन्न यार्डांची होते, दहा-पंधरा यार्ड कमवावेच लागतात आणि फेऱ्या लवकर मिटतात. याची आकडेमोड करून आणली होती, ती वडे खाताना दाखवतो.

खेळाडू. १ जुलै २०२१ पासून ते स्वतःच्या नावाच्या जोरावर पैसे मिळवू शकतात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून कमाल दोन कोटी पाच लाख डॉलर. द्यावेत. स्टेडियम त्यांच्यामुळे भरतं. तक्रार आहे ती ट्रान्सफरच्या, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या, वेळापत्रकाची : मोसम संपायच्या आत पोरं दुसरीकडे निघतात आणि बाउल गेमला, म्हणजे मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याला, निम्मा संघ नवखा.

परंपरांना दीड मिनिट. एकच सांगतो. आयोवाला किनिक स्टेडियमवर गेलात, तर पहिला क्वार्टर संपल्यावर खाण्याच्या रांगेकडे धावू नका. शेजारीच मुलांचं हॉस्पिटल आहे, त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत आजारी मुलं उभी असतात. २०१७ पासून त्या वेळी अख्खं स्टेडियम त्यांच्याकडे वळून हात हलवतं, पाहुण्या संघाचे खेळाडू आणि पंचसुद्धा. रबरबँडवाला हात असतो तोच.